नापासांचं कपाट

"यात कोणी मरतं का?"

प्रश्न खालून आला. चिंगी स्टुलावर चढून वरच्या फळीवरची धूळ झटकत होती. तिने मान वळवून पाहिलं, तर तिच्या टेबलापाशी एक उंच, किडकिडीत माणूस उभा. दुकान आत्याचं असलं तरी दारासमोरचं ते गोल टेबल चिंगीचंच होतं. माणसाच्या अंगात पांढरा कोट, हनुवटीखाली ओढलेला मास्क आणि हातात याच महिन्यात आलेली नवी कादंबरी. ती त्याने इतक्या जपून धरली होती, की जणू तिला भूल दिली आहे आणि ती आता कधीही शुद्धीवर येईल.

"कादंबरी आहे ती," चिंगी म्हणाली. "माणसं असतात त्यात. अधूनमधून मरतात."

"मग नको." त्याने ती खाली ठेवली आणि शेजारचं जाड पुस्तक उचललं. "आणि यात?"

"ते झोपेवर आहे. शास्त्रीय. त्यात सगळे झोपतात."

"उठतात ना पण?"

चिंगी स्टुलावरून खाली उतरली. असली गिऱ्हाइकं तिने पाहिली नव्हती असं नाही. भाच्याला भेट द्यायला 'एखादं निळं पुस्तक' मागणारे होते, पानं मोजून किंमत करणारे होते. पण मेल्या-जगल्याची हमी मागणारा हा पहिलाच.

"असं बघा," तो म्हणाला, "रस्त्यापलीकडे पहिल्या मजल्यावर माझा दातांचा दवाखाना आहे. नवीनच आहे. पेशंट बाहेर बसून आतल्या मशीनचा आवाज ऐकतात आणि माझ्यापर्यंत पोचेस्तोवर अर्धमेले होतात. म्हटलं, बाहेर चांगली, नवी पुस्तकं ठेवावीत. दिवसा ते वाचतील, संध्याकाळी मी. फक्त अटी आहेत."

"पुस्तकांना अटी?"

"कोणी मरायला नको. रक्त नको. दवाखाना तर नकोच. आणि कुठेही थांबता आलं पाहिजे. मी हाक मारली की माणूस पुस्तक मिटून आत आला पाहिजे."

चिंगीचा पारा चढला. "कुठेही थांबता येईल असं पुस्तक मी या टेबलावर ठेवतच नाही," ती म्हणाली. "तुमची हाक ऐकू आली, तर पुस्तक वाईट आहे असं समजा!"

त्यावर तो हसला. दातांच्या डॉक्टरचा स्वतःचाच समोरचा एक दात किंचित वाकडा होता. आपल्या हे लक्षात आलं, याचाच चिंगीला राग आला.

तिने त्याच्या हातात दोन बहिणींची कादंबरी कोंबली. एकाच घरात मधोमध भिंत घालून राहणाऱ्या दोन बहिणी, वर्षानुवर्षं अबोला, आणि एकमेकींना टोमणे मारायचे ते मांजराशी बोलण्याच्या मिषाने. "कोणी मरत नाही," ती म्हणाली. "मांजरसुद्धा नाही. जा आता."

त्या टेबलासाठी चिंगीने काय काय केलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक. वडिलांच्या हिशेबतपासणीच्या ऑफिसात तिच्यासाठी एक खुर्ची कधीची रिकामी होती. ती खुर्ची चुकवून ती आत्याच्या दुकानात आली होती आणि आत्याच्या मागे भुणभुण लावून तिने दारासमोरचं टेबल मागून घेतलं होतं. त्यावर फक्त नवी पुस्तकं ठेवायची, आणि तीही तिने स्वतः वाचलेली. कथा-कादंबऱ्या डावीकडे, खऱ्याखुऱ्या गोष्टींची पुस्तकं उजवीकडे. साध्या, रोजच्या वाचणाऱ्या माणसाला कोणाचीही भीड न बाळगता उचलता यावीत अशी.

आत्या तयार झाली, पण आत्या म्हणजे पक्की दुकानदार. तिने अट घातली. "तू सांगतेस म्हणून लोक घेणार ना? मग जबाबदारी तुझी. नाही आवडलं तर आठवड्यात परत आणायचं आणि बदलून न्यायचं. आलेलं पुस्तक काही नवं म्हणून विकता येत नाही. ते जाईल मागच्या कपाटात." त्या काचेच्या कपाटाचं नाव आत्यानेच ठेवलं, नापासांचं कपाट. "ते भरलं की टेबल उठलं. तिथे कंपासपेट्या आणि रंगपेट्या मांडीन मी. त्या कोणी परत आणत नाही."

सुरुवातीचे काही महिने कपाटात जेमतेम दोन पुस्तकं आली. आणि मग आला दातवाला.

आठवडा संपायच्या आत तो हजर. हातात मांजरवाली कादंबरी. "नाही जमलं."

"काय नाही जमलं?"

"दहाव्या पानापुढे गेलोच नाही. मांजराच्या तोंडून भांडणाऱ्या बहिणी? मांजर काय निरोप्या आहे?"

चिंगीने जीभ चावली. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हा आत्याचा दुसरा नियम. तिने त्याला कुलपांच्या इतिहासाचं पुस्तक दिलं. तेही परत.

"याला काय झालं?"

"पेशंट वाचतात आणि कुलपांवरच बोलत बसतात. काल एका आजोबांनी माझा ड्रॉवर केसांच्या पिनेने उघडून दाखवला."

"मग उपयोगी आहे की पुस्तक!"

"ड्रॉवर आता बंद होत नाही," तो म्हणाला. खिशात हात घालून तो तिथेच उभा राहिला. "तुम्हाला येतं का हो बंद करायला?"

"मी पुस्तकं विकते."

"नाही, म्हटलं... तुम्ही वाचलं असेल ना पुढचं."

झोपेचं पुस्तकही परत आलं. ते वाचून पेशंट बसल्या जागी झोपले म्हणे, हाक मारली तरी उठेनात. "एका बाईंचं मात्र सोयीचं झालं. तोंड आधीच उघडं होतं," तो म्हणाला. इतक्या गंभीर चेहऱ्याने म्हणाला, की चिंगीला हसू आवरेना, आणि हसू आल्याबद्दल पुन्हा स्वतःचाच राग आला.

शेवटी तिचंही डोकं फिरलं. तिने मुद्दाम, अगदी निवडून, त्याला एक रहस्यकथा बांधून दिली. दुसऱ्याच दिवशी स्वारी दारात!

"पहिल्याच पानावर खून आहे."

"हो का?"

"आणि करणारा कोण? दातांचा डॉक्टर!"

"काय सांगता!"

"माझ्या एका पेशंटने आत येण्याआधी बायकोला फोन करून पत्ता सांगून ठेवला." तो काउंटरवर किंचित पुढे झुकला. "तुम्ही मुद्दाम दिलंत ना?"

"मी कशाला मुद्दाम देऊ?"

"मग तुम्ही हसताय कशाला?"

चिंगी घाईघाईने शेजारच्या एका नव्या पुस्तकाचं वेष्टण काढायला गेली आणि नव्या कागदाची धार बोटावर सर्रकन फिरली. रक्ताचा एवढासा थेंब आला. त्याने काही न विचारता तिचं बोट धरलं, खिशातून कापूस काढला आणि दाबून धरला. हाताला लवंगेचा वास होता. "दुखणार नाही," तो हळूच म्हणाला.

"तुमच्या धंद्यात सगळे असंच म्हणतात..."

"हो. पण मी दुखू देत नाही."

कापूस गरजेपेक्षा बराच जास्त वेळ दाबला गेला. शेवटी आत्या मागून खाकरली, तेव्हा दोघांनीही हात मागे घेतले.

त्या दिवसापासून चिंगीचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. दाराची घंटा वाजली की मान वर. दातवाला नसला की उगीच चिडचिड, आणि असला की त्याच्या हातात परत आणलेलं पुस्तक बघून जास्तच चिडचिड. माणूस हवासा वाटावा आणि त्याचं येणं मात्र अंगावर यावं, ही कसली तऱ्हा! बरं, कपाटाचं त्याला सांगावं, तर तेही तोंडातून निघेना. 'कृपा करून माझं पुस्तक ठेवून घ्या' असं गिऱ्हाइकाला म्हणायचं? त्यापेक्षा वडिलांच्या ऑफिसातली खुर्ची परवडली.

परत येणारी पुस्तकं अशी वाढतच गेली आणि एका सकाळी आत्याने तिला कपाटापुढे नेऊन उभं केलं. "चिंगे, बघ."

सगळ्या फळ्या भरल्या होत्या. खालच्या कोपऱ्यात कसंबसं एक पुस्तक मावेल एवढी फट.

"यातली दोन-तीन सोडली तर सगळी त्या दातवाल्याची आहेत," आत्या म्हणाली. "बाकीचे लोक न्यायचे आणि खूश असायचे. हा एकटा माणूस तुझ्या टेबलाच्या मुळावर उठलाय. आणि तू त्याला बघून केस सारखे करतेस!"

"मी काही केसबिस सारखे करत नाही."

"आत्तासुद्धा करतेयस."

चिंगीने हात खाली घेतला. आत्याने तिच्या पाठीवर थोपटलं, पण शब्द मागे घेतला नाही. "अजून एक आलं की रंगपेट्या मांडायच्या. माझा नाइलाज आहे, पोरी. दुकान चाललं पाहिजे."

दिवसभर चिंगी विचार करत होती. तिच्याकडे एक पुस्तक होतं, जे तिने टेबलावर मांडलंच नव्हतं. एका मुलीने लिहिलेली खरी हकीकत. बापाला ऐकू येईनासं होतं आणि बापलेक मिळून हातांची भाषा शिकतात, एवढंच. वाचताना चिंगी इतकी रडली होती, की ते पुस्तक कोणी परत आणून काउंटरवर टाकेल या कल्पनेनेच तिला कसंतरी होई. म्हणून ते खणातच राहिलं.

संध्याकाळी दातवाला आला, तेव्हा तिने तेच पुस्तक बाहेर काढलं. हे परत आणणारा माणूस जन्माला यायचाय, असं ती स्वतःला समजावत होती.

"हे घ्या," ती म्हणाली. "आणि हे जर परत आणलंत तर..."

"तर?"

"काही नाही. न्या."

त्याने पुस्तक घेतलं, तिच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. इतरांची तोंडं दिवसभर उघडी ठेवणारा हा माणूस स्वतःचं मात्र ऐन वेळी बंद करायचा!

पुढचे काही दिवस तो फिरकला नाही. चिंगी रोज त्या फटीकडे बघायची आणि सुटकेचा निःश्वास टाकायची. मग एका दुपारी पावसाची बारीक भुरभुर चालू असताना घंटा वाजली. दातवाला. अर्धा भिजलेला. कोटाच्या आत, छातीशी धरलेली प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत ते पुस्तक.

"नाही जमलं," तो म्हणाला.

चिंगीने पिशवीतल्या पुस्तकाकडे बोट दाखवलं. "काय नाही जमलं यात?"

"ते... जरा कोरडं वाटलं."

"कोरडं?"

"म्हणजे... थोडंसं."

"कोरडं!" चिंगीच्या अंगाचा तिळपापड झाला. आत्याचा दुसरा नियम गेला खड्ड्यात. "तुम्हाला वाचताच येत नाही! दात उपटा तुम्ही, पुस्तकाच्या वाटेला जाऊ नका. किती जीव ओतून निवडते मी एकेक पुस्तक, आणि तुमचं आपलं एकच पालुपद, नाही जमलं, नाही जमलं! त्या कादंबरीतली ती थोरली बहीण आहे ना, दगडाच्या काळजाची, तसे आहात तुम्ही!"

"थोरली दगडाच्या काळजाची नाहीये!" तोही एकदम उसळला. "काहीही काय बोलता! ती शेवटी मधल्या भिंतीतलं दार उघडत नाही, कारण उघडलं असतं तर धाकटी सगळं सोडून कायमची तिथेच येऊन बसली असती. दार बंद ठेवलं म्हणून तर धाकटी जाऊ शकली. आतून कडीवर हात ठेवून रात्रभर उभी होती ती! आणि तुम्ही तिला दगड म्हणता?"

बाहेरची भुरभुर ऐकू यायला लागली.

"हे सगळं," चिंगीने हळूच विचारलं, "कितव्या पानावर आहे?"

त्याचा चेहरा पडला. "...दहाव्या?"

"दहाव्या?"

"नाही," तो खाली बघत म्हणाला. "शेवटच्या."

"म्हणजे वाचलीत तुम्ही."

"दोनदा."

"आणि कुलपं?"

"वाचलं. ड्रॉवर त्या आजोबांनी नाही, मीच उघडला. पिनेने."

"आणि हे? कोरडं?"

"ते काल वाचून संपवलं आणि आज सकाळी माझ्या बाबांना फोन केला," तो म्हणाला. " काही काम नव्हतं. उगीच केला."

चिंगीला राग तर होताच, पण आता त्याला कुठे ठेवायचं तेच कळत नव्हतं. "मग परत का आणत होतात?"

"आवडलं नाही तर पुस्तक परत आणता येतं," तो म्हणाला. "आवडलं तर काय निमित्त काढून यायचं? एक पुस्तक नेलं की माणूस महिनाभर वाचत बसतो. मला महिनाभर थांबायचं नव्हतं. तुम्ही चिडता, तावातावाने दुसरं पुस्तक शोधता, ते माझ्या हातात कोंबता... मला ते फार आवडतं. मला तुम्ही आवडता. झालं. सांगितलं."

सांगितलं आणि कान लाल करून उभा राहिला.

कुठल्याही शहाण्या मुलीने अशा वेळी लाजून खाली पाहिलं असतं. चिंगीने त्याची बाही धरली, त्याला ओढत मागे नेलं आणि कपाटापुढे उभं केलं. "हे बघा तुमचं प्रेम! फळ्या भरल्यात सगळ्या! हे कपाट भरलं की माझं टेबल जाणार आहे. तुमच्या हातातलं पुस्तक शेवटचं. तुमच्या या... या आवडण्यापायी उद्यापासून मी हिशेब तपासत बसणार आहे, कळलं?"

त्याने काचेआड एकेक पुस्तक ओळखलं. चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "मला... तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही सांगितलंत का?"

तो गर्रकन वळला आणि थेट काउंटरपाशी गेला. आत्या तिथे मघापासून एकच चष्मा पुसत बसली होती. "आत्या, चूक माझी आहे. ही सगळी पुस्तकं उत्तम आहेत. मी खोटं बोललो. मी सगळी विकत घेतो."

"मी तुझी आत्या कधी झाले रे?" आत्या म्हणाली. "आणि विकत घेऊन काय होणार? तुझ्या एकट्याच्या प्रेमावर टेबल चालवू मी?"

त्यावर तो काही बोलणार, तोच दार धाडकन उघडलं. दवाखान्यात बाहेरच्या टेबलापाशी बसून नंबर लावणाऱ्या काकू छत्री न मिटताच आत घुसल्या.

"डॉक्टर! तुम्ही इथे? अहो, खुर्चीत माणूस आहे! अर्धं तोंड बधिर करून पाच मिनिटांत येतो म्हणून गेलात, त्याला आता बोलताही येईना आणि उठताही येईना!" मग त्यांची नजर कपाटावर गेली आणि त्यांचा आवाज आणखी चढला. "अगं बाई, ही इथे आहेत होय सगळी? ते मांजराचं पुस्तक परत का दिलंत हो? लोक अर्धं वाचून जातात, पुढच्या वेळेला येऊन मलाच धारेवर धरतात, काकू, पुढे काय झालं? मी काय सांगू, माझंही अर्धंच झालंय! कुलपांचं हवं म्हणून एक आजोबा तर दात न दुखता दोनदा येऊन गेले."

आत्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. "किती जण असतील असे?"

"किती म्हणजे? अर्धा दवाखाना! कुठून आणलं विचारतात, तर डॉक्टर दुकानाचं नाव सांगत नाहीत."

चिंगीने डॉक्टरकडे पाहिलं.

"गर्दी झाली असती इथे," तो पुटपुटला. "मग तुम्हाला माझ्याशी बोलायला वेळ..."

चिंगीने कपाळावर हात मारून घेतला. काकूंनी त्याची दुसरी बाही पकडली आणि त्याला जवळजवळ फरफटत रस्त्यापार नेलं. शेवटचं पुस्तक त्याच्या हातातच राहिलं.

आत्या उठली. कपाटाचं दार उघडून तिने मांजरवाली कादंबरी बाहेर काढली आणि पान उघडून तिथेच उभ्या उभ्या वाचायला लागली. "रंगपेट्या राहू देत आतच," मान वर न करता ती म्हणाली. "ही सगळी एका दोरीने बांध आणि त्या काकूंकडे दे. दवाखान्यात राहू देत, पण अर्धी वाचून झाली की माणूस इकडे धाडायचा म्हणावं. आणि चिंगे..."

"काय?"

"तो बावळट सगळं सांगून गेला. तू काहीच नाही बोललीस."

ते खरंच होतं. चिंगीने दोरी शोधली नाही, छत्रीही घेतली नाही. तशीच भुरभुरीत रस्ता ओलांडून जिना चढली. बाहेर बसलेल्या पेशंटांनी एकदम माना वर केल्या. काकू "अहो, नंबर..." म्हणेस्तोवर ती आतलं दार ढकलून मोकळी झाली.

खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ आ वासून पडले होते. डॉक्टर मास्क चढवून त्यांच्यावर वाकला होता. तिला पाहताच हातातलं मशीन थांबलं.

"तुम्ही अत्यंत वैतागवाणे आहात," चिंगी धापा टाकत म्हणाली. "खोटारडे आहात. माझं टेबल घालवायला निघाला होतात. आणि तुम्ही आला नाहीत की माझा सगळा दिवस वाया जातो. मलाही आवडता तुम्ही. झालं. सांगितलं."

खुर्चीतल्या गृहस्थांनी घशातून काहीतरी आवाज काढला. संमतीचा असावा.

डॉक्टरने मास्क खाली ओढला. "पण मग..." तो म्हणाला, "हे पुस्तक तर मी ठेवून घेणार. आता उद्या काय परत घेऊन येऊ?"

या माणसापुढे हात टेकले, असं चिंगीला वाटलं. तिच्या केसांतून पाणी ठिबकत होतं, दाराच्या फटीतून अर्धा दवाखाना आत डोकावत होता, आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"काही आणू नका," ती म्हणाली. "नुसते या."